किमची कोणाची?

राष्ट्राची ओळख त्याच्या ध्वजावरून, भाषेवरून अथवा वाङ्मयावरून पटते, असें आपण मानतों. परंतु ती एका लोणच्यावरूनही पटूं शकते, आणि त्या लोणच्याच्या नांवासाठीं राष्ट्राराष्ट्रांत वाद माजूं शकतो, हें कोरियाकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें.

कोरियन जेवण म्हणजे भात, कढण आणि भोंवतीं मांडलेल्या लहान लहान वाट्या. त्यांत किमची नाहीं, असें पान विरळाच. तिची रीत अशी : कोबीचा लांबट गड्डा चिरून मिठांत मुरवावयाचा, धुऊन निथळावयाचा, आणि त्याच्या पानापानांत मिरचीची पूड, लसूण, आलें, पातीचा कांदा व खारवलेली मासळी यांचें वाटण भरून तो मडक्यांत दाबून ठेवावयाचा. आपल्या लोणच्यास तेल राखतें. किमचीस तिच्यांतच वाढणारे जंतु राखतात. दुधाचें दहीं करणाऱ्या जंतूंच्याच जातकुळीचे हे जंतु. त्यांनीं आणलेल्या आंबटपणांत अन्न नासविणाऱ्या जंतूंचा टिकाव लागत नाहीं.

मौज अशी, कीं किमचीस लाल रंग देणारी मिरची मूळची कोरियाची नव्हेच. अमेरिका खंडांतून निघालेली ही वनस्पति पोर्तुगीजांबरोबर गोव्यास आली, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास कोरियांत पोहोंचली. तत्पूर्वीं किमची मिरचीवांचूनच होत असे. तेव्हां ओळख केवळ प्राचीनत्वानें सिद्ध होत नाहीं. परकें तें आपलेंसें करण्यांतही ती घडते.

१९१० ते १९४५ पर्यंत कोरियावर जपानचा अंमल होता. जपानांत राहणाऱ्या कोरियन लोकांस लसणाच्या वासावरून हिणविलें जाई. पुढें त्याच जपानांत किमचीची आवड इतकी वाढली, कीं न आंबवतां नुसती चव आणलेला प्रकारही ‘किमुची’ या नांवानें विकला जाऊं लागला. आंबविल्यावांचून किमची कसली, असा आक्षेप कोरियानें घेतला. २००१ मध्यें ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नमानक मंडळानें जी व्याख्या ठरविली, तींत कोरियन नांव व आंबविण्याची क्रिया या दोहोंसही स्थान मिळालें.

२०२० मध्यें दुसरा वाद उभा राहिला. चीनच्या ‘पाओत्साय’ या खारवलेल्या भाज्यांसाठीं आंतरराष्ट्रीय मानक ठरतांच, जणूं किमचीचाच निकाल लागला, असा सूर एका चिनी वृत्तपत्रानें लावला. वस्तुतः तें मानक किमचीस लागू नाहीं, असें त्यांतच नमूद होतें. पाओत्साय मिठाच्या पाण्यांत बुडवून मुरवितात. किमची मसाला माखून आपल्याच रसांत मुरते. तरीही चिनी भाषेंत दोहोंस एकच शब्द रूढ असल्यानें, २०२१ मध्यें दक्षिण कोरियाच्या सरकारनें किमचीसाठीं ‘शिनछी’ हें निराळें चिनी नांव मुक्रर केलें. त्याच वर्षीं ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशानें ‘किम्बाप’, ‘बुलगोगी’ इत्यादि कोरियन पदार्थांचीं नांवें आपल्यांत घेतलीं.

परदेशीं असा मान वाढत असतां घरची स्थिति मात्र विचार करावयास लावणारी आहे. स्वस्त पडते म्हणून दक्षिण कोरियांतील पुष्कळ उपाहारगृहें चीनमध्यें तयार झालेलीच किमची वाढतात. आणि शहरांतील बिऱ्हाडें ती दुकानांतून विकत आणूं लागलीं आहेत. युनेस्कोनें २०१३ मध्यें दक्षिण कोरियाचा जो वारसा नोंदविला, तो नुसता पदार्थ नव्हे. हिंवाळ्याच्या तोंडावर सगेसोयरे व शेजारीपाजारी जमून किमची घालतात व वांटून घेतात, ती ‘किमजांग’ नांवाची चाल होय. २०१५ मध्यें उत्तर कोरियाच्या अशाच परंपरेचीही नोंद झाली. देशाचे दोन भाग झाले, तरी ही चाल दोहींकडे राहिली.

नांवाचें रक्षण कोश, मानकें व करार करूं शकतील. परंतु चार घरच्या बायका एकत्र बसून गड्डे भरतात, ती बैठक कोणतेंही मंडळ भरवूं शकणार नाहीं. ती मोडली, तर जगभर मान्य झालेलें नांव तेवढें हातीं उरेल.