काकूंचा अंगठा

‘रजिस्टर भाडेकरार घरपोच’ अशा चिठ्ठ्या सदाशिव पेठेत विजेच्या खांबांपासून झेरॉक्सच्या दुकानांपर्यंत चिकटवलेल्या दिसतात. ज्या कामापायी रजिस्ट्रार कचेरीत अर्धा दिवस मोडायचा, ते घरबसल्या होतं कसं, हे मला पाहायचं होतं. ओळखीचं एक जोडपं चिमण्या गणपतीजवळ वन बीएचके घेत होतं. त्यांना साक्षीदार हवा होता, म्हणून मी गेले.

करार करून देणारा मुलगा लॅपटॉप आणि ठसे घेण्याचं छोटं यंत्र घेऊन आला. भाडं 18,000, डिपॉझिट 50,000, मुदत 11 महिने. नावं, आधार क्रमांक, मीटरचा आकडा त्याने भराभर टाइप केला. स्टॅम्प ड्यूटी पाव टक्का, म्हणजे पाचशेच्या आसपास. नोंदणी फी 1,000. नवराबायकोचे ठसे पहिल्या झटक्यात लागले.

घरमालकीण काकूंचा अंगठा मात्र लागेना.

काचेखाली लाल दिवा पेटायचा, यंत्र नाही म्हणायचं. मुलाने काच पुसली, काकूंनी पदराला हात पुसला. “दाबू नका काकू, नुसतं टेकवा.” नाही. खोबरेल तेलाचं बोट लावून, पुसून पुन्हा. नाही. मी त्यांचा हात जवळून पाहिला: अंगठ्याचं टोक गुळगुळीत, रेषा जवळजवळ पुसलेल्या. याच जागी वाडा होता तेव्हा काकूंनी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांची खानावळ चालवली. पातेली घासली, शेकडो पोळ्या भाजल्या. त्या हातांवर उभं राहिलेलं घर त्यांचंच आहे, हे पटवून द्यायला तेच हात अपुरे पडत होते. मला ते सहन होईना. मुलगा मात्र घाईला आला नाही. एकेक बोट करत डाव्या मधल्या बोटावर हिरवा दिवा लागला.

“11 महिनेच ना?” काकूंनी पुन्हा विचारलं. तोवर त्यांनी हे तीनदा विचारलं होतं.

त्यामागे वाड्याचा इतिहास आहे. 1947च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. सासऱ्यांच्या वाड्यात भाडेकरू काही रुपयांत पिढ्या राहिले. कौलं गळायची, डागडुजीला पैसा नाही. शेवटी बिल्डर आला. आता 1999चा भाडे नियंत्रण कायदा आहे आणि अशा लीव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याला भाडेकरूचा हक्क मिळत नाही; मुदत संपूनही तो हलला नाही, तर दुप्पट रक्कम भरावी लागते. काकूंना हे कलम तोंडपाठ होतं. त्यांची भीती खोटी नाही.

पण 11 हा आकडा कायद्याने लादलेला नाही. वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नसे, त्या काळाची ही सवय. महाराष्ट्रात आता 11 महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. पाव टक्क्याच्या ड्यूटीत 60 महिन्यांपर्यंतचा करार बसतो. मग संरक्षण पुरेपूर असताना दर 11 महिन्यांनी नवी फी, नवी दलाली आणि वाढीव भाडं राहणाऱ्यानेच का सोसायचं? मला हे अन्यायाचं वाटतं, आणि काकूंचा हात पाहिल्यावरही वाटतं.

“22 महिन्यांचा करायचा का, काकू?” जोडप्यातल्या मुलीने हळूच विचारलं.

“11. पुढचं पुढे बघू. तुम्ही चांगली माणसं दिसता, पण 11च.”

शेजारचे काका आणि मी, आम्ही दोघांनी साक्षीदार म्हणून बोटं टेकवली. पोलिसांना द्यायची भाडेकरूची माहितीही करारवाल्या मुलाने तिथेच ऑनलाइन भरून टाकली आणि नूतनीकरणासाठी मोबाइलमध्ये दहाव्या महिन्याची आठवण लावली. नारायण पेठेत त्याचा पुढचा करार होता.

जिन्यात ती नवऱ्याला म्हणाली, “कपाट भिंतीत नको करू या. सुटं होणारंच घेऊ.”