मॉल वाचवायला सुपरमार्केट पुरतं का?

परवा मैत्रिणीने विचारलं, "अगं, जुने मॉल ओस पडतायत, तर तिथे सुपरमार्केट का नाही आणत?" माझा आवडता विषय!

आणतात की. बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या उपनगरातला नेटिक मॉल बघा. मूळचा १९६६चा, १९९४मध्ये नव्याने बांधलेला. 'जेसीपेनी' हे मोठं दुकान गेल्यावर त्या जागेत २०१८मध्ये 'वेगमन्स'चं दुमजली सुपरमार्केट आलं.

हिशोब सरळ आहे. कपडे अधूनमधून घेतो, दूध-भाजी दर आठवड्याला. वर्दळ वाढली की शेजारची दुकानंही चालतात.

पण २०२३मध्ये वेगमन्सने तिथून गाशा गुंडाळला. पुरेसं गिऱ्हाईक मिळालं नाही, असं कंपनीनेच सांगितलं.

मी दुकानांच्या आखणीचं काम करते. माझं मत असं: वाणसामान घेणाऱ्याला गाडी दाराशी लावून, पिशव्या भरून पटकन निघायचं असतं. मॉलची रचना मात्र माणूस आत रेंगाळावा अशी.

म्हणून पुनर्विकास करताना सुपरमार्केटला बाहेरून स्वतंत्र दार, समोर पार्किंग आणि मागे माल उतरवायला जागा हवी. आवारातच घरं बांधली, तर रोजचं गिऱ्हाईक पायी येतं.

तुमच्या जवळच्या जुन्या मॉलचं काय चाललंय? प्रश्न असतील तर बिनधास्त विचारा.