झंझावात आणि घर : संरक्षणाचा विचार

अटलांटिक महासागर, कॅरिबियन समुद्र व मेक्सिकोचे आखात या भागांत उठणाऱ्या उष्णकटिबंधीय चक्रीवादळातील वाऱ्याचा सततचा वेग ताशी ११९ किलोमीटर वा त्याहून अधिक झाला म्हणजे त्यास ‘हरिकेन’ ही संज्ञा प्राप्त होते. पुढे वेगानुसार त्याच्या पाच श्रेणी कल्पिलेल्या आहेत. परंतु केवळ श्रेणीवरून गृहस्थाने आपल्या धोक्याचे अनुमान करणे फसवे होय. कारण हे माप वाऱ्याचे आहे, आणि मनुष्यहानी मुख्यतः पाण्याने होते. १९६३ ते २०१२ या अर्धशतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा वादळांमुळे जे प्रत्यक्ष मृत्यू घडले, त्यांपैकी सुमारे नऊ-दशांश पाण्यामुळे घडले व जवळजवळ निम्मे एकट्या सागरी उधाणाने घडविले.

गॅल्व्हेस्टन बेटाचे सर्वोच्च स्थळ १९०० साली पुरते तीन मीटरदेखील उंच नव्हते. त्या वर्षीच्या ८ सप्टेंबरला आलेले उधाण साडेचार मीटरांच्या आसपास होते. मृतांची संख्या सहा हजारांपासून बारा हजारांपर्यंत सांगितली जाते. २००५ सालची ‘कॅटरिना’ किनाऱ्यावर आली तेव्हा तिसऱ्या श्रेणीचीच होती, तरी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी सुमारे साडेआठ मीटर चढले. तेव्हा पूर्वतयारीतील पहिला प्रश्न घर किती भक्कम आहे हा नसून जमीन किती उंच आहे हा आहे. सखल किनाऱ्यावरील कुटुंबाने कोठे, कोणत्या वाटेने व कोणाकडे जावयाचे हे १ जूनला हंगाम सुरू होण्यापूर्वीच ठरवून ठेवले पाहिजे; कारण स्थलांतराचा आदेश निघाल्यावर रस्ते तुंबतात.

उंचावरील घराची गोष्ट निराळी. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आतील-बाहेरील दाब समान व्हावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात असा एक समज दीर्घकाळ रूढ होता. तो घातक आहे. आत शिरलेला वारा छपराला खालून रेटतो, वरून जाणारा त्यास ओढतो, आणि छप्पर उडते. काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारणे हाही निव्वळ मनाचा दिलासा. त्यांऐवजी जाड प्लायवूडच्या फळ्या वा पोलादी झडपा हव्यात. दक्षिण फ्लॉरिडात १९९२ साली ‘अँड्र्यू’ने छपरांच्या जोडणीतील हयगय उघडी पाडली, व त्यातूनच २००२ पासून त्या राज्यात नवी बांधकाम-संहिता लागू झाली. कोकणात ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळात कौलारू व पत्र्याच्या छपरांची जी दैना झाली, तिचे यंत्रशास्त्र हेच.

वादळ चालू असता खिडक्यांपासून दूर, आतल्या लहान खोलीत राहावे. एकाएकी वारा पडला तर तो वादळाचा केंद्रभाग माथ्यावर आल्याचा संभव असतो. मायामीत सप्टेंबर १९२६ मध्ये लोक या शांततेला भुलून रस्त्यावर आले, आणि थोड्याच वेळात उलट दिशेने सुटलेल्या वाऱ्याने कित्येकांचे प्राण घेतले.

पिण्याचे पाणी माणशी रोज चार लिटर धरून निदान तीन दिवसांचे साठवावे. औषधे व कागदपत्रे जलाभेद्य पिशवीत ठेवावीत. मात्र वादळ सरल्यानंतरचा धोका बहुधा दुर्लक्षित राहतो. वीज गेल्यावर घरात वा ओसरीत चालविलेल्या जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. लुइझियानात २०२० सालच्या ‘लॉरा’नंतर जे मृत्यू नोंदले गेले, त्यांचे सर्वांत मोठे कारण हा वायू होता.