बाबांचे आठ किलो गेले, पण कशाचे?

डाएट आईबाबांचं असलं, तरी हा लेख तुमच्यासाठी आहे!

ऑफिसच्या कँटीनमध्ये हल्ली एक नवीनच विषय कानावर येतो. 'आमच्या बाबांनी चार महिन्यांत आठ किलो उतरवले, बोल!' म्हणजे डाएट फक्त आपणच करतो असं नाही. पासष्टीचे आईबाबाही जोरात आहेत. शुगर, गुडघे, डॉक्टरांचा दम, कारणं काही का असेनात. कुणी रात्रीचं जेवण बंद केलंय, कुणी दीक्षित डाएटवर दोनदाच जेवतंय. २०२५च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलं. तेव्हापासून काही घरांच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी इंजेक्शनचं पेनही दिसायला लागलंय.

अभिनंदन वगैरे ठीक आहे. पण बॉस, वजनकाटा अर्धीच गोष्ट सांगतो. आठ किलो गेले हे तो सांगतो, कशाचे गेले ते त्याला कळत नाही.

वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. व्यायाम नसेल, तर ढोबळमानाने पाव हिस्सा. तिशीत हे खपून जातं. पासष्टीत मात्र ते खातं आधीच रिकामं व्हायला लागलेलं असतं. तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर वेग आणखी वाढतो. १९८८मध्ये इरविन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने या घटीला नाव दिलं, सार्कोपेनिया. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'मांसाची चणचण'. अगदी चपखल!

आपल्याकडे ही चणचण जरा जास्तच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार हा भारतीय शरीराचा फंडा त्या एका फोटोत सगळ्या जगाला कळला. पोट पुढे आणि पाय काटकुळे अशी काकामंडळी आठवून बघा. त्यांनी नुसतं खाणं कमी केलं, तर त्या पायांचं काय होणार?

प्रश्न दिसण्याचा नाहीच. खुर्चीतून हात न टेकता उठणं, स्टेशनचा जिना, बाथरूममध्ये गेलेला तोल सावरणं, हे सगळं मांड्यांच्या जिवावर चालतं. आणखी एक गोची आहे. डाएट सुटलं की वजन परत येतं, पण ते बहुतेक चरबी बनून येतं. गेलेला स्नायू तेवढा परतत नाही. दोन-तीनदा असं डाएट झालं की काटा तिथेच राहतो आणि माणूस आतून पोकळ होतो.

'चालतो की रोज!'

हे उत्तर तुम्हाला मिळणारच. चालणं उत्तम, हृदयाला हवंच. पण इथे तेवढ्यावर भागत नाही. २०१७मध्ये अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्या १६० लठ्ठ लोकांवर २६ आठवडे एक प्रयोग झाला. डाएटसोबत एका गटाला ट्रेडमिल-सायकलसारखा एरोबिक व्यायाम, दुसऱ्याला वजनं उचलण्याचा, तिसऱ्याला दोन्ही. तिन्ही गटांचं वजन सारखंच, साधारण ९ टक्के उतरलं. पण चरबी सोडून शरीराचं जे वजन असतं, त्यातलं एरोबिकवाल्यांचं २.७ किलो गेलं आणि वजनंवाल्यांचं फक्त १ किलो. दोन्ही करणाऱ्यांचं १.७ किलो गेलं, पण उठण्या-चालण्याच्या चाचण्यांत तेच सगळ्यात पुढे राहिले.

'या वयात डंबेल्स?' हा पुढचा प्रश्न. १९९०मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! मग तुमची आई तर पोरगीच म्हणायची. जिम नको असेल, तर खुर्चीतून उठबस, भिंतीला टेकून पुशअप्स, पाण्याच्या बाटल्या, रबरी बँड. आठवड्यातून दोन-तीनदा, दमायला होईल इतपत. बीपी, गुडघे किंवा हार्टचा त्रास असेल, तर आधी डॉक्टर, मग फिजिओथेरपिस्ट.

राहिलं खाणं. डाएट म्हटलं की आपल्याकडे आधी दूध-डाळ कमी होते आणि काकडी वाढते. नेमकं उलटं हवं. आयसीएमआरच्या २०२०च्या हिशोबात मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. ज्येष्ठांसाठी २०१३मध्ये तज्ज्ञांच्या गटाने १ ते १.२ ग्रॅम सांगितलं. म्हणजे ७० किलोच्या बाबांना ७० ते ८४ ग्रॅम. वाटीभर वरणात जेमतेम ५-६ ग्रॅम, अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. दोनदाच जेवणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून बघावंच. आणि एकादशीचा साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रोटीन काय ते दाण्याच्या कुटाचं. किडनीचा त्रास असेल, तर मात्र प्रोटीन मनाने वाढवू नका. डायबेटिस असेल, तर आधी क्रिएटिनिन तपासून घ्या.

या रविवारी एक करा. आईबाबांना हात छातीशी बांधून खुर्चीतून सलग पाच वेळा उठा-बसायला सांगा आणि मोबाइलवर टायमर लावा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर डॉक्टरांशी बोलायला हवं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तुमची ती चाकांची ऑफिसवाली अजिबात नको.