लाईट आल्यानंतरची गर्दी

लाईट गेली म्हणून टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कोणी येत नाही. लोक येतात ते लाईट आल्यानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी, चादरीत गुंडाळलेला टीव्ही रिक्षातून उतरवत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं दुकान आहे. जूनमधल्या पहिल्या वादळानंतरचे दिवस आमच्या धंद्यात सुगीचे मानतात. मला त्या सुगीचा आनंद कधी झाला नाही, कारण टेबलावर येणाऱ्या कितीतरी वस्तू सहज वाचल्या असत्या.

लाईट ‘येते’ तेव्हा पलीकडे काय चालू असतं, हे मला सबस्टेशनवरच्या एका ऑपरेटरने समजावलं. तारेवर फांदी पडली की अकरा केव्हीचा फीडर पडतो. काही वेळाने ऑपरेटर ‘ट्रायल’ घेतो, म्हणजे फीडर पुन्हा चालू करून बघतो. फांदी अजून तारेवरच असली तर तो क्षणात पुन्हा पडतो. मग वायरमन बॅटरी घेऊन लाईन बघत जातो, जंपर जोडतो, डीओ फ्यूज बसवतो आणि फोन करतो. पुन्हा ट्रायल. घरातल्या माणसाला यातलं एवढंच दिसतं की लाईट आली, गेली, आली. तेवढ्या वेळात त्या फीडरवरचे सगळे फ्रीज, पंखे आणि विहिरीवरचे पंप एकदम करंट खेचायला बघतात. बऱ्याच पंपांना ऑटो स्विच लावलेला असतो, म्हणजे लाईट येताच ते आपोआप सुरू. व्होल्टेज आधी खाली बसतं, मग अर्धा लोड पडला की उसळी मारून वर जातं.

फ्रीज मरतो तो इथे. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आतला गॅस दोन्ही बाजूंना सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी करंट मिळाला तर मोटर दाबाविरुद्ध अडकून राहते आणि नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. मागे लावलेला ओव्हरलोड प्रोटेक्टर ‘टक्’ करून करंट तोडतो, थंड झाला की पुन्हा जोडतो. एका काकींनी मला फोनवरून तो आवाज ऐकवला होता. “दादा, दुपारपासून असाच टकटक करतोय. लाईट आहे म्हणून मी बंद नाही केला.” दुपारपासून संध्याकाळपर्यंत त्या मोटरचं वायंडिंग भाजत होतं. फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर ‘टाईम डिले’ लिहिलेलं असतं ते यासाठीच: लाईट आली तरी काही मिनिटं तो फ्रीजला करंट देत नाही. गिऱ्हाईक मात्र दुकानात येऊन सांगतं, “हा स्टॅबिलायझर उशिरा चालू होतो, बदलून द्या.”

पण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त बळी येतात ते वादळाचे नाहीत आणि विजेचेही नाहीत. ते तुटलेल्या न्यूट्रलचे असतात.

गणपतीतली गोष्ट. चाकरमानी आलेले, वर्षभर कुलूप असलेली घरं उघडलेली, प्रत्येक मखरात रोषणाई, प्रत्येक न्हाणीघरात गिझर. डीपीवर, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवर, एरवी नसतो एवढा लोड. अशातच खांबावरचा न्यूट्रलचा ढिला जोड तापून रात्री जळाला. एका घरात मिक्सर, गिझर, पंखे सगळं चालू होतं, तिथे दिवे एकदम मंद झाले आणि लोक म्हणाले, व्होल्टेज कमी झालं. पलीकडच्या घरातली माणसं शेजारी आरतीला गेली होती. घरात फक्त टीव्ही आणि मखरातली एलईडीची माळ. ती परत आली तेव्हा टीव्ही, सेट टॉप बॉक्स, मोबाईलचा चार्जर आणि माळ, सगळं गेलेलं. खोलीत तो ओळखीचा वास: फुटलेल्या कपॅसिटरचा, आंबूस आणि घशाला बसणारा. दुसऱ्या दिवशी त्या घरचे भाऊ माझ्यासमोर उभे राहून विचारत होते, “आमच्याकडे तर काहीच चालू नव्हतं. ज्यांच्याकडे गिझर चालू त्यांचं सगळं शाबूत, मग आमचंच कसं जळलं?”

काही चालू नव्हतं म्हणूनच जळलं. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा तारा निघतात. कुठलाही फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये सुमारे ४००. न्यूट्रल तुटला की तुमचं घर आणि दुसऱ्या फेजवरचं घर एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट दोघांत वाटले जातात. वाटणी उलटी होते: ज्याच्याकडे लोड जास्त त्याच्या वाट्याला व्होल्ट कमी, ज्याच्याकडे लोड कमी त्याच्या वाट्याला उरलेले सगळे. काटकसरीने दिवे मालवणाऱ्या घरात साडेतीनशे व्होल्टही जाऊ शकतात.

“एमसीबी का नाही पडला?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. एमसीबी करंट बघतो, व्होल्टेज बघत नाही. चांगल्या कंपनीचा असला तरी.

त्या रात्रीचे बोर्ड मी एकेक करून उघडले. टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये मोठा कपॅसिटर ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो. नेहमीच्या २३० ला त्याच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट असतात, म्हणजे तो निवांत असतो. लाईनवर ४०० आले तर त्याच्यावर साडेपाचशेच्या वर जातात आणि त्याचं डोकं फुगून फुटतं. काही टीव्ही मात्र फ्यूज आणि एक निळी चकती बदलताच चालू झाले. ती चकती म्हणजे एमओव्ही. झिंक ऑक्साईडची असते, जपानच्या मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती विकसित केली. १४डी४७१के असा नंबर असेल तर १४ मिलिमीटर व्यासाची आणि ३०० व्होल्ट एसीपर्यंत गप्प बसणारी. त्याच्या वर गेलं की ती स्वतः शॉर्ट होते, तडकते, काळी पडते आणि फ्यूज उडवून मागचा सगळा बोर्ड वाचवते. काही रुपयांची वस्तू. आणि तरीही स्वस्तातल्या अनेक बोर्डांवर तिची जागा छापलेली असते, दोन भोकं असतात, चकती नसते. कारखान्यात कोणीतरी ते काही रुपये वाचवलेले असतात. अशा बोर्डांवर दुरुस्ती करताना मी चकती लावूनच देतो. गिऱ्हाईकाने मागितलेली नसते, मी तिचे पैसेही वेगळे लावत नाही.

‘स्पाईक गार्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांचं तेच. एका मास्तरांनी कॉम्प्युटर जळाल्यावर पट्टीसकट आणून दिला. “गार्ड लावलेला होता हो.” मी त्यांच्यासमोरच स्क्रू काढले. आत तीन पत्र्याच्या पट्ट्या, एक स्विच आणि लाल दिव्याचा छोटा निऑन. चकती नाही, फ्यूजही नाही. मास्तर बराच वेळ त्या रिकाम्या खोक्याकडे बघत राहिले. चांगल्या पट्टीतली चकतीसुद्धा प्रत्येक मोठ्या फटक्यागणिक थकत जाते, आणि ती मेली तरी साधा लाल दिवा तसाच जळत राहतो. स्टॅबिलायझरकडूनही लोक नको ती अपेक्षा करतात. त्याचे रिले हलायला काही मिलिसेकंद लागतात आणि विजेचा झटका मायक्रोसेकंदांत येऊन गेलेला असतो. आजच्या टीव्हीच्या मागे बहुधा १००–२४० व्होल्ट छापलेलं असतं. त्याला कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर लागतच नाही, आणि लोक फ्रीज तसाच ठेवून टीव्हीला स्टॅबिलायझर लावतात.

अर्थिंगचा किस्सा सांगताना मला अजून राग येतो. एका नव्या बंगल्यात कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत. हे अर्थिंग नसल्याचं लक्षण. पॉवर सप्लायच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याकडे जाणारे बारीक कपॅसिटर असतात, आणि अर्थ नसला तर पत्र्यावर जवळजवळ निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. काही दिवसांनी घरमालक खुशीत सांगत आले, “झाल्या बंद मुंग्या. वायरमनने पाच मिनिटांत केलं.” पाच मिनिटांत खड्डा खणून कोळसा-मीठ घालून होत नाही, म्हणून मी जाऊन सॉकेट उघडलं. अर्थच्या पिनेतून एक छोटी वायर थेट न्यूट्रलला जोडलेली होती. बाहेर खांबावर न्यूट्रल तुटला असता तर त्या घरातल्या फ्रीजच्या दारात, वॉशिंग मशीनच्या अंगात फेज उतरला असता. त्या घरात रांगणारं मूल होतं. वायर मी तिथेच तोडली आणि खड्डा खणेपर्यंत मशीन लावू नका म्हणून सांगितलं. टीव्ही जळला तर नवा घेता येतो.

विजांच्या दिवसांत आणखी एक गोष्ट आमच्याच लोकांना कळते. मे महिन्यातल्या गडगडाटानंतर येणाऱ्या सेट टॉप बॉक्सांचा पॉवर सप्लाय पुष्कळदा ठणठणीत असतो, जळलेला असतो तो ट्यूनर. झटका छपरावरच्या डिशच्या केबलमधून आलेला असतो. प्लग काढून निश्चिंत झोपलेल्या माणसाचा टीव्हीसुद्धा एचडीएमआयच्या तोंडाने जातो. राऊटरचंही तसंच, नेटची तांब्याची वायर असेल तर. ढग वाजायला लागायच्या आधी प्लग आणि केबल दोन्ही काढायची. वीज चमकत असताना केबलला हात लावायला जायचं नाही.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आलं तेव्हा मंडणगड-दापोलीकडे खांबच्या खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्या काळात माझ्याकडे वेगळाच माल आला: मोबाईलचे चार्जर, पिशव्या भरून. वाडीवाडीत भाड्याचा जनरेटर फिरायचा. त्याच्यावर आधी पाण्याचा पंप चालवायचे आणि त्याच वेळी सगळ्या वाडीचे मोबाईल लावायचे. पंप बंद केला की अंगावरचा लोड एकदम उतरल्याने जनरेटर भरकटतो, वेग वाढतो, व्होल्टेज चढतं. तेवढ्यात चार्जर फटाफट जातात. मी निरोप पाठवला की पंप बंद करायच्या आधी चार्जर काढा, नाहीतर शंभर वॅटचे दोन जुने बल्ब कायम जळते ठेवा. ज्यांनी ऐकलं त्यांचे वाचले. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या मात्र बऱ्याच गेल्या. लीड-अॅसिड बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत आठवडेभर पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती चार्ज घेत नाही.

आता मी लोकांना घरासाठी एकच खर्च आधी करायला सांगतो: मीटरच्या पुढे, मेन बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेच्या खाली-वर गेलं की तो सगळं घर तोडतो, आणि लाईट स्थिर झाल्यावर ठरवलेला वेळ थांबून जोडतो. न्यूट्रलवर उपाय म्हणून घरात बसवता येण्यासारखं याहून साधं मला काही सापडलेलं नाही. विजेचा झटका तो अडवत नाही, त्याला चकती आणि खरं अर्थिंगच लागतं.

आमच्या भागातला एक वायरमन रात्री फोन आला की पहिला प्रश्न विचारतो, “पूर्ण अंधार आहे, की कमी-जास्त होतंय?” अंधार असेल तर तो चहा संपवून निघतो. कमी-जास्त म्हटलं की तिथूनच ओरडतो, “मेन पाडा, शेजारच्यांना पण पाडायला सांगा, मी डीपी बंद करायला निघालो.” दिवा नेहमीपेक्षा प्रखर झाला, पंखा जोरात फिरायला लागला, की खोलीतल्या माणसाचा हात आधी टीव्हीच्या रिमोटकडे जातो, हे मी कितीदा ऐकलंय. रिमोटने बंद केलेला टीव्ही बंद नसतो. त्याचा लाल दिवा जळतो तोवर पॉवर सप्लाय चालूच असतो, मोठा कपॅसिटर भरलेला असतो, आणि चढलेलं सगळं व्होल्टेज त्याच्याच अंगावर असतं. भिंतीवरचा स्विच, नाहीतर सरळ मेन.