गोळी रोजची एक, समज मात्र ढीगभर

एचआयव्ही झाला म्हणजे माणूस हातचा गेला, असं आजही सहज बोललं जातं. एके काळी ते खरंही होतं. १९८६ साली मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातले पहिले एचआयव्ही संसर्ग शोधले, तेव्हा द्यायला औषधच नव्हतं. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावानं वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारा औषधोपचार, मोफत सुरू केली. ती जिथे सुरू झाली त्या पहिल्या मोजक्या रुग्णालयांत चेन्नईजवळचं तांबरमचं रुग्णालय होतं. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी लागते, तीन औषधं एकत्र असलेली टीएलडी.

तरीही विशीच्या आतबाहेरची मुलं गोळ्या मध्येच सोडतात, आणि बरेचदा त्याचं मूळ घरातच सापडतं. “लहान आहे, कशाला सांगायचं?” म्हणून जन्मापासून संसर्ग असलेल्या मुलाला ‘टॉनिक आहे’ सांगून गोळी दिली जाते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी तो विचारतो, मी धडधाकट असताना हे टॉनिक संपत कसं नाही? उत्तर मिळालं नाही की गोळी खिडकीबाहेर. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, झेपेल तसं, थोडं थोडं सांगत जावं. ज्याला आजार ठाऊक नाही, त्यानं उपचाराचा निर्णय घ्यायचा तरी कसा?

हॉस्टेलवर आणखी एक गंमत. गोळ्यांची डबी खुळखुळली तर आजार कळेल, म्हणून मुलं आत कापूस कोंबतात, लेबल खरवडून काढतात. वरून पोरांना ‘बेफिकीर’ म्हणणारे आपणच.

“रात्री नऊच्या ठोक्याला घेतली नाही तर वाया गेली,” हा समज जुन्या औषधाचा. त्यातल्या एफाव्हिरेन्झनं गरगरायचं, म्हणून ते झोपताना घ्यायचं. टीएलडी सोयीच्या ठरावीक वेळी घ्यावी, जेवून किंवा न जेवता. विसरलात तर आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन मात्र नकोत. गोळ्या देणाऱ्या एआरटी केंद्रावर बोलणी बसतील या धास्तीनं तारीखच चुकवणं हे एका चुकलेल्या गोळीपेक्षा कितीतरी महाग पडतं.

तब्येत ठणठणीत असेल तर उपचार सुरू करायला थांबलं तर काय हरकत? पूर्वी सीडी-फोर या प्रतिकारपेशींची संख्या खाली येईपर्यंत थांबवत असत. २०१७ पासून निदान झालं की उपचार सुरू, असं राष्ट्रीय धोरण आहे.

सगळ्यात फसवा समज रिपोर्टमुळे होतो. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, ‘आढळला नाही’ म्हणजे विषाणू गेला असं नव्हे. तो शरीरात दडून बसलेला असतो, गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत वर येतो. पण तसा रिपोर्ट कायम राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हेही तितकंच खरं. एकालाच संसर्ग असलेल्या, नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात चेन्नई आणि पुण्यातली जोडपी होती. लवकर उपचारानं जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचं त्यातून २०११ मध्ये दिसलं. लग्नाचं वय झालेल्यांना हे कुणी तरी स्पष्ट सांगायला हवं. ते फारसं कुणी सांगत नाही.

सोलापूरचा मुलगा नोकरीला चेन्नईला गेला, तर गोळ्यांसाठी दर वेळी गावी धावावं लागत नाही. एआरटी केंद्र बदलून घेता येतं. आणि नोकरी देण्याआधी एचआयव्ही तपासणीची अट कंपनीला घालता येत नाही. तशी मनाई करणारा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.