लाजेपोटीं वाढणारा दाह

मूळव्याधीपासून खरजेपर्यंत बहुतेक दुखण्यांची चर्चा आपल्या घरांत होते. परंतु पुरुषाच्या गुह्येंद्रियास कांहीं झालें तर त्याचा उच्चारही होत नाहीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत मात्र परिवर्तिका, अवपाटिका व निरुद्धप्रकश असे या जागेचे विकार निःसंकोचपणें वर्णिलेले आहेत. तोच आधार घेऊन शिश्नाग्राच्या दाहाविषयीं मी येथें चार शब्द लिहीत आहें.

माझ्या परिचयाच्या एका वयस्क गृहस्थांस हा विकार जडला. लाली, खाज, लघवीच्या वेळीं आग आणि त्वचेखालीं पांढरट स्राव! पत्नीसही सांगावयास ते लाजले. औषधांच्या दुकानांतून चिठ्ठीवांचून त्यांनीं एक मलम आणिलें. दोन दिवस आराम वाटला. पुढें त्वचा पातळ होऊन तींत भेगा पडल्या. त्या मलमांत क्लोबेटासोल हें तीव्र स्टेरॉइड मिसळलेलें होतें. अखेर डॉक्टरांनीं रक्त तपासलें, तेव्हां मधुमेह उघडकीस आला. देहानें दिलेली सूचना लाजेनें कित्येक महिने झांकून ठेविली होती.

दाह हें नांव एक, पण त्याचीं कारणें निरनिराळीं. म्हणून औषधेंही निरनिराळीं. मधुमेहांत लघवींतून जाणाऱ्या साखरेवर कॅन्डिडा नांवाची बुरशी पोसते. तीवर १ टक्का क्लोट्रिमॅझोल किंवा २ टक्के मायकोनॅझोल यांचें मलम दिवसांतून दोनदां, सामान्यतः १ ते २ आठवडे लावितात. विकार तीव्र असल्यास फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी डॉक्टर देतात. आग फार असेल तर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन थोडे दिवस जोडीला देतात. जंतुजन्य दाहास प्रतिजैविक, दुर्गंधियुक्त स्राव असल्यास बहुधा मेट्रोनिडॅझोल. लायकेन स्क्लेरोसस या विकारांत त्वचा पांढरी व कठीण होते. तेथें तेंच क्लोबेटासोल तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं गुणकारी ठरतें. एकाचें औषध तें दुसऱ्याचें अपथ्य, तें असें!

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या मधुमेहावरील गोळ्यांनीं लघवींतील साखर वाढून ही बुरशी अधिक संभवते. तथापि त्या गोळ्या आपल्या मनानें बंद न करितां डॉक्टरांस सांगावें.

कोणतेंही औषध चालू असलें तरी स्वच्छता हवीच. रोज कोमट पाण्यानें धुवावें, हळूच कोरडें करावें. साबण व जंतुनाशक द्रव त्या जागीं लावूं नयेत, कारण त्यांनींच कित्येकदां दाह होतो. लहान मुलाची अग्रत्वचा मागें येत नसेल तर ती बळें ओढूं नये. ती पुढें वयाबरोबर आपोआप सुटते. मागें गेलेली त्वचा पुढें येईनाशी झाली, तर ती परिवर्तिका. तेथें एक तासही न दवडतां रुग्णालय गांठावें. जी जखम वा चट्टा कांहीं आठवड्यांत बरा होत नाहीं, तो कर्करोगाच्या शंकेनें तपासून घ्यावा. दाह वारंवार होत असल्यास रक्तांतील साखर पाहावी, आणि पत्नीसही त्रास असल्यास दोघांनीं मिळून उपचार घ्यावे.

हा अंक घरांतील वडीलधाऱ्यांच्या हातीं पडेल. त्यांस एवढीच विनंति कीं, मुलगा वा नातू या दुखण्याविषयीं चांचरत बोलूं लागला, तर त्यास रागें न भरतां शांतपणें ऐकून घ्यावें आणि स्वतः डॉक्टरांकडे न्यावें.